काळं पित्त

माझी आई कितीतरी दिवस पोटात दुखतंय म्हणत होती, आणि आमच्या घरात ते दुखणं म्हणजे तिचा स्वभाव असं सगळे समजत होते. एवढंच सांगायचं आहे मला या प्रकरणात. बाकी माझं लहानपण चारचौघींसारखं गेलं. शाळा, शिवणाचा क्लास, मैत्रिणींची लग्नं, ते सगळं कुणाच्याही घरी मिळेल. हे एक मात्र अजून घशाशी येतं. पन्नाशी उलटली, आता सकाळी उपाशीपोटी मीही पित्ताची गोळी घेते, आणि ती गिळताना मला शिवाजी पेठेतल्या आमच्या घरातला फळा आठवतो.

फळा म्हणजे शाळेतल्यासारखा मोठा नव्हे. अण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. शाळेनं टाकून दिलेल्या फळ्याचा एक तुकडा त्यांनी सुताराकडून कापून आणला होता, त्याला खाली खडू ठेवायला पट्टी मारली होती आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, जेवायला बसलं की समोर दिसेल असा टांगला होता. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, त्यात हा फळा. रोज सकाळी अंघोळ झाली की टॉवेल गुंडाळून ओल्या अंगानं ते त्यावर एक इंग्रजी शब्द लिहायचे आणि संध्याकाळी जेवताना त्याची कुळकथा सांगायचे. शब्दाचा बाप कोण, आजा कोण, तो लॅटिनमधून निघाला की ग्रीकमधून, वाटेत फ्रान्सात किती दिवस मुक्काम केला, सगळं. सांगायचे मात्र असे की हातातला घास हातात राहावा. शेजारच्या तालमीत पोरं जोर मारत असायची, त्यांचे हुंकार भिंतीतून यायचे, आणि त्या हुंकारांच्या तालावर अण्णांचं लॅटिन चालायचं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. अजूनही एखादा शब्द दिसला की मी त्याच्या बापाचं नाव शोधते. ही सवय त्यांची. अंगातून काढून टाकता येत नाही, नाहीतर टाकली असती.

आई मलकापूरकडची. अण्णांचं बोलणं छापील आणि आईचं बोलणं रानातलं. आमच्याकडं बायका सर्रास 'मी जातो, मी जेवतो' म्हणतात, तशीच ती म्हणायची, आणि अण्णा लग्नापासून तिला दुरुस्त करत होते. "जाते म्हण. जेवते म्हण." ती म्हणायची, "बरं, जेवते. पण मागनं जेवतो मी." आम्ही हसायचो, तीही हसायची. आई हसरी होती, हे आधी लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढं कुणाला ते आठवेनासं झालं.

एका संध्याकाळी फळ्यावर 'ह्यूमर' होता. अण्णा म्हणाले, "ह्यूमर म्हणजे विनोद, हे आत्ताचं. मूळ लॅटिन 'उमोर'. उमोर म्हणजे ओल, पाणी, रस. दोन हजार वर्षं तिकडच्या वैद्यांची समजूत अशी, की माणसाच्या अंगात चार रस असतात. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. ज्याच्यात जो रस जास्त, तसा त्याचा स्वभाव. 'सांग्विस' म्हणजे रक्त, म्हणून उमेदीचा माणूस तो सँग्विन. मी सँग्विन. आणि ही आपली रेखा," माझ्याकडं बोट करून ते म्हणाले, "कफाची, फ्लेग्मॅटिक, हलवल्याशिवाय हलायची नाही." आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आमच्यात तर तीनच असत्यात. वात, पित्त, कफ. हे चौथं कुठनं आणलं त्येनी?" अण्णा खूष झाले. असा प्रश्न त्यांच्या वर्गात कुणी विचारत नसे. म्हणाले, "शाब्बास! चौथं त्यांनी कल्पनेनं आणलं. काळं पित्त असं शरीरात काही नसतंच. कधी कुणाला दिसलेलं नाही." आई म्हणाली, "मग दोन हजार वर्सं उगच त्याचं औषध देत हुते व्हय?" आणि तव्यावरची भाकरी उलटली.

दुखणं सुरू झालं ते रविवारी. म्हणजे तसं आम्ही म्हणायचो, कारण आमच्याकडं मटण रविवारी व्हायचं आणि आईचं पोट रविवारी दुखायचं. अण्णांचे शाळेतले सोबती जेवायला यायचे. गणिताचे पोवार सर तर ठरलेलेच. सकाळपासून पाट्यावर वाटणाचा घासघास आवाज, खोबरं भाजल्याचा वास, एका चुलीवर तांबडा, एकीवर पांढरा. पुरुषांना वर तेलाचा कट असलेला तांबडा रस्सा वाढायचा, वाटीमागून वाटी, आणि सगळ्यांचं झालं की आईनं पातेल्याच्या बुडाशी राहिलेला तेलकट रस्सा भाकरीला लावून खायचा. मग तासाभरात ती ओट्याच्या गार कडेला उजवी कूस दाबून उभी राहायची. कपाळावर घाम. भांडी घासताना एक हात बरगडीखाली आणि दुसऱ्या हातानं पातेलं. मी विचारलं की म्हणायची, "पित्त झालंय." कारण सगळे तसंच म्हणायचे. आमच्या गल्लीत बाईच्या गळ्याखाली आणि कमरेच्या वर काहीही दुखलं तर त्याचं नाव पित्त.

सकाळी ती मोरीत बसून मिठाचं कोमट पाणी प्यायची आणि घशात बोटं घालून पित्त पाडायची. हा उपाय गल्लीत घरोघरी चालायचा. ओकारीच्या आवाजानं मला जाग यायची. बाहेरच्या खोलीत अण्णा खडूनं शब्द लिहीत असायचे, खडूचा तो टकटक आवाज आणि मोरीतला आवाज, दोन्ही एकदमच. पाडलं तरी दुखणं जाईना. आणि दुखायला लागलं की ती चिडायची. का नाही चिडणार? दाढ दुखत असताना कुणी गोड बोलून दाखवावं मला. पण हळूहळू घरात असं झालं की ती दुखतंय म्हणून चिडते हे मागं पडलं आणि ती चिडते म्हणून तिला पित्त होतं, हे पुढं आलं. चिडू नकोस म्हणजे दुखणार नाही, असा सल्ला. अण्णा रोज द्यायचे, फुकट.

डॉक्टर नव्हते असं नाही. गल्लीच्या तोंडाशीच दवाखाना होता आणि तो डॉक्टर अण्णांचा विद्यार्थी. इथंच सगळं नासलं. आमच्या गावात गुरूला फार मान, चांगली गोष्ट आहे. अण्णा दवाखान्यात शिरले की तो डॉक्टर खुर्ची सोडून उभा राहायचा, पेशंटच्या देखत वाकून पाया पडायचा, आणि मग आईकडं न बघता अण्णांना विचारायचा, "सर, बाईंना काय होतंय?" आणि अण्णा सांगायचे. दुखतंय आईला आणि सांगतायत अण्णा! "काही नाही रे, पित्त. स्वभावच तसा आहे तिचा. जरा काही मनाविरुद्ध झालं की भडकते." डॉक्टर हसायचा, मान डोलवायचा. सरांच्या बायकोच्या पोटाला हात लावायचा म्हणजे त्याला जिवावर आलं असणार. तो कधीच तपासत नसे. गुलाबी औषधाची बाटली द्यायचा आणि म्हणायचा, "बाई, तिखट कमी करा. आणि रागही." आई एकदा म्हणाली, "अरे, पर हितं, या अंगाला दुखतंय मला..." तेवढ्यात अण्णांनी तिचं वाक्य पुरं केलं. त्यांना सवयच होती, वर्गात पोरांची वाक्यं पुरी करण्याची. त्यानंतर आई तिथं गेली की नुसती बाकावर बसून राहायची. मी सोबत असायचे. भिंतीवर बाळाचं कॅलेंडर होतं, तिकडं बघत बसायची.

आणि मग तो रविवार. पोवार सर आणि आणखी दोघं जेवायला बसलेले. आई पांढऱ्या रश्शाचं पातेलं घेऊन आली आणि येता येताच तिला कळ आली असावी, कारण तिनं ते पातेलं दाणकन खाली ठेवलं. थोडा रस्सा पोवार सरांच्या पायजम्यावर उडाला. पोवार सर म्हणाले, "वहिनी, आज जाळ आणि धूर संगटच की!" आई म्हणाली, "पोटात दुखतंय माझ्या. हातानं वाढून घ्या." आणि आत जाऊन ओट्याला टेकली. पाव्हण्यांसमोर असं बोलणं म्हणजे अण्णांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसरा नवरा ओरडला असता. अण्णा ओरडत नसत, तो त्यांचा मोठेपणा होता. ते उठले, हात धुतले, खडू घेतला, फळ्यावरचा सकाळचा शब्द पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, अ‍ॅट्राबिलिअस.

"लॅटिन," अण्णा म्हणाले. आवाज अगदी वर्गातला. "आत्रा म्हणजे काळी. बिलिस म्हणजे पित्त. आत्रा बिलिस, काळं पित्त. ग्रीकांनी त्यालाच मेलँकोली म्हटलं, मेलास काळं आणि खोले पित्त. रोमनांनी त्याचं शब्दाला शब्द ठेवून लॅटिन केलं. ज्याच्या अंगात हे काळं पित्त साठलेलं असतं, तो माणूस सदा आंबट तोंडाचा, तिरसट, कशातच सुख न मानणारा. तो अ‍ॅट्राबिलिअस." आणि मग स्वयंपाकघराच्या दाराकडं हात करून, नाटकातल्यासारखं थोडं वाकून म्हणाले, "उदाहरण आत आहे."

काय हसले ते लोक! पोवार सरांना तर ठसका लागला. आई दाराशी आली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "म्हंजे मला काय म्हनला तुम्ही?" अण्णा म्हणाले, "काही नाही गं. तुला लॅटिनमधलं नाव ठेवलं." आईनं फळ्याकडं बघितलं. इंग्रजी तिला अक्षरंसुद्धा येत नव्हती. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "लई लांब हाय," आणि आत गेली. मी तेव्हा अकरावीत होते. मला शब्द कळला होता. मला असा राग आला की ताट सारून उठले, तर अण्णा कौतुकानं म्हणाले, "बघा, हिच्यातही आलं!"

तो शब्द फळ्यावरून पुसला गेला नाही. रोज नवा शब्द लिहिण्याचा नेम अण्णांनी त्या एका शब्दासाठी मोडला. कोपऱ्यात बारीक अक्षरात नवे शब्द यायचे आणि मधे तो तसाच. पाव्हणे आले की विचारायचे, "काय, आज काळं की पिवळं?" सुशिक्षित माणसाची शिवी अशी असते. तिच्यात एक वाईट शब्द नसतो, उलट दोन मेलेल्या भाषा असतात. घेणाऱ्याला परत करता येत नाही, कारण त्याच्याकडं सुट्टे नसतात.

पावसाळा संपता संपता मलकापूरहून मामा आला. आईचा धाकटा भाऊ, दूधसंस्थेत गाडीवर होता. बसला, पाणी प्याला आणि आईकडं बघून तांब्या खाली ठेवला. "आक्का, डोळं बघू. आगं, हळदीगत पिवळं झाल्यात की डोळं!" आम्ही रोज बघत होतो आणि आम्हाला दिसलं नव्हतं. म्हणजे मला वाटत होतं की ती थकली आहे. आई दिवसभर अंग खाजवत असायची, बांगड्यांची किणकिण सारखी चालू, आणि अण्णा वाचताना वैतागायचे, "अगं, जरा शांत बस ना." मामा म्हणाला, "कावीळ हाय ही, दाजी. पित्त न्हाई." अण्णा म्हणाले, "अरे, कावीळ म्हणजे पित्तच. मी डॉक्टरला सांगतो." मामा म्हणाला, "त्याला काय सांगताय? त्यो तुम्हालाच इचारतोय." मामा चौथी शिकलेला. पण हे वाक्य आमच्या घरात त्याच्याआधी कुणी बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही.

मामानं त्याच्या परीनं केलं. मलकापूरच्या पुढं एका वाडीत एक म्हातारा काविळीची माळ द्यायचा, तिथं एसटीनं आईला घेऊन गेला. कसल्याशा वेलीच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले, छोटंसं कडं, बांगडीपेक्षा थोडं मोठं. ते डोक्यावर ठेवायचं. रोज ती माळ आपोआप वाढते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, मग कमरेवर, आणि पायांतून निघाली की कावीळ उतरली. आमच्या भागात हजारांनी लोक हे करतात, शिकलेलेसुद्धा. पथ्य कडक, तेल नाही, हळद नाही, मटण तर नावच नाही, नुसता ताकभात. आई परत आली ती डोक्यावर ते हिरवं कडं घेऊन, वर रुमाल बांधून. आणि गंमत म्हणजे तिची कळ थांबली! तेल बंद झालं म्हणून थांबली, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा सगळं श्रेय माळेला.

अण्णांना काय ऊत आला म्हणता! फळ्यावर लगेच 'सुपरस्टिशन' चढलं. माळ गळ्यात आली तेव्हा म्हणाले, "अरे वा, दागिना झाला." छातीवर आली तेव्हा पोवार सरांना बोलावून दाखवली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय? वेलीच्या काड्या ही अंधश्रद्धा आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा ग्रीक माणसानं कल्पनेनं काढलेलं काळं पित्त, ते मात्र ज्ञान, कारण ते लॅटिनमध्ये होतं. म्हाताऱ्यानं निदान माझ्या आईचे डोळे पापणी ओढून बघितले होते. ओल्या काड्या सुकल्या की आकसतात, गाठी सैल होतात, दोरा सुटा होतो, म्हणून माळ वाढते. कावीळ असो, नसो, ती उतरणारच. खुंटीला अडकवली तरी उतरेल. मला दोघांचाही राग येतो, पण एकाचा जास्त.

माळ कमरेपर्यंत आली आणि आईला थंडी वाजून ताप भरला. शनिवार होता, सकाळची शाळा करून अण्णा घरी आलेले. मी कॉलेजातून आले तर आई अंथरुणावर, दात वाजतायत, अंगावर तीन चादरी आणि गळ्यातनं कमरेपर्यंत ती सुकलेली माळ. चेहरा पिकल्या लिंबासारखा. आणि अण्णा तिच्या उशाशी बसून कपाळावर पट्टी ठेवतायत आणि म्हणतायत, "राग राग करतेस ना, म्हणून होतं हे." मी चप्पलसुद्धा काढली नाही. तशीच बाहेर गेले, तालमीपुढच्या रिक्षावाल्याला हाक मारली आणि आत येऊन म्हणाले, "उठा. थोरल्या सरकारी दवाखान्यात न्यायचंय." अण्णा म्हणाले, "आधी आपल्या डॉक्टरला..." मी म्हणाले, "त्याचं नाव काढलं तर मी फळा फोडीन." बापाशी असं बोलायची ती माझी पहिली वेळ. ते गप उठले आणि आईला एका बाजूनं धरलं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. बारीक, झोप न झालेली, केसांना तेलही नव्हतं. तिनं आईला खाटेवर झोपवलं, माळ बघितली, काही बोलली नाही. विचारलं, "मावशी, काय होतंय?" आईनं सवयीनं अण्णांकडं बघितलं. आणि अण्णांनी सवयीनं सुरू केलं, "तिला बरेच दिवस पित्ताचा त्रास आहे. म्हणजे स्वभावाने ती..."

"तुम्ही थांबा," डॉक्टरीण म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही. "दुखतंय त्यांना. त्यांना बोलू द्या."

कितीतरी दिवसांत आईला हे कुणी विचारलं नव्हतं. मग तिनं उजव्या बरगडीखाली बोट ठेवलं आणि म्हणाली, "हितं." आणि एकदा सुरुवात झाल्यावर काय बोलली ती! "हितं सुरू हुतंय. रस्सा खाल्ला की तासाभरानं. मग मागं जातंय, पाठीत, खांद्याच्या फऱ्यापतोर. वाकून बसलं तर जरा बरं वाटतंय, पालथं झोपलं तर न्हाई. उलटी झाली तरी थांबत न्हाई. लघवी चहागत झालीया. अंग लई खाजतंय, रात्रभर डोळा लागत न्हाई. मी सांगत हुतो, पर..." इथं ती थांबली. डॉक्टरीण पोटावर हात ठेवून ऐकत होती. बरगडीखाली दाबून म्हणाली, "श्वास घ्या," आणि आईचा श्वास मध्येच अडकला. "पित्ताशयात खडे दिसतायत," ती म्हणाली. "एखादा नळीत अडकलाय. म्हणून कावीळ. आणखी दोन दिवस घरी ठेवलं असतं तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. ते वाक्य अण्णांनी पुरं केलं नाही. ते भिंतीला टेकले आणि त्यांच्या तोंडून एकदम आमच्या गल्लीतलं निघालं, "आता काय करायचं वं, बाई?"

सोनोग्राफी झाली, सलाइन झालं, ताप उतरवून मग ऑपरेशन. त्या काळात पोट चांगलं वीतभर फाडायचे. ऑपरेशन झाल्यावर नातेवाइकांना बाहेर बोलावून काढलेली वस्तू दाखवायची पद्धत आहे. डॉक्टरीण इंजेक्शनची रिकामी बाटली घेऊन आली, तिच्यात खडे होते. मी ते हातावर ओतून घेतले. मिऱ्याएवढे, काही तुरीच्या डाळीएवढे, आणि काळे. कोळशाच्या चुऱ्यासारखे काळेकुट्ट. मी ते अण्णांपुढं धरले आणि म्हणाले, "अण्णा, हे बघा, आत्रा बिलिस." त्यांनी तोंड फिरवलं.

आई घरी आली. महिनाभर अण्णांनी तिला मऊ भात करून घातला. करपायचा, पण करायचे. फळा कोराच होता, तो त्यांनी आम्ही दवाखान्यात असतानाच पुसला होता. मला वाटलं, चला, संपलं. कशाचं काय! दिवाळी झाली, आणि एका रविवारी पुन्हा पोवार सर आणि मंडळी जेवायला. आई उभी राहून वाढत होती, पोटाला पट्टा बांधलेला. जेवण रंगात आल्यावर पोवार सर म्हणाले, "काय वहिनी, आता पित्ताची पिशवीच काढली म्हटल्यावर एकदम थंड झाला असाल!" सगळे हसले. आणि अण्णाही हसले. महिनाभर करपलेला भात खाऊ घालणारा माणूस, त्याला चार मित्रांपुढं हसू आवरलं नाही.

आई आत गेली. ती कपाटातली खड्यांची बाटली घेऊन आली आणि अण्णांच्या ताटात, भाकरीच्या शेजारी ठेवली. "हे बगा काळं पित्त," ती म्हणाली. "शरीरात नसतंय म्हनला हुता न्हवं? धा जणांना दावा आता." मग ती पोवार सरांकडं वळली. "आन भावजी, पिशवी गेली. राग हाय तसाच हाय माझ्याजवळ. त्यो तिच्यात नव्हता. दुखत हुतं तवा राग म्हनला, आन आता राग येतोय तर पित्त म्हनताय. बाईमाणसाचं एक तरी खरं धरा की." आणि वाटीत रस्सा ओतून, तिथंच, पुरुषांच्या पंगतीत, फळ्याखाली मांडी घालून जेवायला बसली. आमच्या घरात असं आधी कधी झालं नव्हतं. पोवार सरांनी ताटात हात धुतला.

ती बाटली तिनं फळ्याच्या पट्टीवर, खडूच्या जागी ठेवली. तिथंच राहिली. अण्णांनी पुन्हा फळ्यावर शब्द लिहिला नाही, आणि आईनं बाटली हलवली नाही. त्यांच्यात भांडण झालं नाही, गोडीही झाली नाही. माझं लग्न होऊन मी जयसिंगपूरला गेले, माहेरी आले की बाटलीवरची धूळ पुसायचे. एकदा मी आईला विचारलं, "माफ केलंस का गं त्यांना?" तिनं लसूण सोलता सोलता विचारलं, "त्येनी मागिटलीया कवा?"

बऱ्याच वर्षांनी, अण्णा रिटायर झाल्यावर, मी दिवाळीला घरी असताना सकाळी चहा पिता पिता त्यांनी कप खाली ठेवला. छाती चोळत म्हणाले, "पित्त झालंय वाटतं." गल्लीतला डॉक्टर अजून होता, पिकलेल्या केसांचा. मला वाटलं, आई आता बोलेल. चांगली संधी होती. तिनं त्यांच्या कपाळाकडं बघितलं, तिथं घाम होता. "रेखे, रिक्षा बोलाव," ती म्हणाली. "पित्तबित्त काय न्हाई हे."

त्याच थोरल्या दवाखान्यात, तसल्याच लोखंडी खाटेवर अण्णांना झोपवलं. नवा डॉक्टर होता, पोरगेलासा. त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "काय होतंय यांना?" मी तोंड उघडलं, तर आईनं माझा दंड धरला. तिची बोटं रुतली.

"त्येंचं दुखतंय," ती म्हणाली. "त्यास्नी बोलू दे."

अण्णा आईकडं बघत राहिले. माझ्या बापाला शब्द कमी पडल्याचं मी त्याआधी बघितलं नव्हतं. इंग्रजी, लॅटिन, छापील मराठी, कशातलंच काही येईना. मग त्यांनी हात उचलून छातीवर ठेवला आणि म्हणाले, "हितं."